दीड मीटरची काठी आणि वाटली डाळ

माझा स्वभाव संशयी आहे आणि पोटापाण्याचं कामही तेच. हूफडॉर्पच्या एका डच विमा कंपनीत मी दावे तपासते. बॅग हरवली म्हणणाऱ्याची बॅग खरंच हरवली का, हे बघायचा मला पगार मिळतो. त्यामुळे आमच्या चालण्याच्या क्लबात किलोमीटरची वही कुणाकडे द्यायची हा प्रश्न निघाला, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच बोट दाखवलं. कुणीतरी मागून म्हणालंसुद्धा, "काकूंकडे द्या, त्या स्वतःच्या सावलीकडेही पुरावा मागतात." मी काही रागावले नाही. खोटं काय होतं त्यात?

क्लब म्हणजे आम्ही वीस-बावीस मराठी माणसं. तरुणपणी कुणी राजगड केलेला, कुणी हरिश्चंद्रगड. इथे चढायला काही नाही, सगळा देश पोळपाटासारखा, म्हणून आम्ही लांब चालत असू. महिन्यातून एक रविवार सगळे मिळून आणि बाकीचे दिवस ज्याचं त्याने. इथल्या पायवाटांवर ठरावीक अंतराने आकडे लिहिलेले लाकडी खांब असतात. माझा नियम असा की खांबाशेजारी उभं राहून फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा, तरच किलोमीटर वहीत चढणार. एका गृहस्थांनी सायकलवरून फिरून चालल्याचं सांगितलं होतं. फोटोच्या कोपऱ्यात हँडल दिसलं आणि मी अठरा किलोमीटर खोडून टाकले. वर्षभर ते माझ्याशी बोलत नव्हते.

दसऱ्याला आमच्याकडे कौतुक असायचं. ज्याने वर्षात काही पुरं केलं असेल त्याला नारळ द्यायचा आणि फेटा बांधायचा. फेटा बांधायचा मान दादांचा. दादा आमच्यातले सर्वांत वडील, बहात्तरीचे, निवृत्त इंजिनियर, चाळीस वर्षं इथेच काढलेले. बेल्जियमच्या सीमेपासून पार उत्तरेच्या टोकापर्यंत समुद्राकाठाने जाणारी एक लांबच लांब वाट आहे. दादा ती नऊ वर्षं तुकड्यातुकड्याने चालत होते. त्यांचे दोन टप्पे उरले होते, फक्त दोन. इतकी वर्षं सगळ्यांना फेटे बांधले, पण स्वतःच्या डोक्यावर एकदाही घेतला नव्हता. "वाट संपली की घालीन," म्हणायचे. म्हणून यंदा आपण मुद्दाम पुण्याहून चांगला सुती फेटा आणवायचा असं मी ठरवलं आणि नवऱ्याला सांगून ठेवलं. नवरा फेब्रुवारीत आईला भेटायला पुण्याला गेला होता. मार्चमध्ये विमानं थांबली. ती सुरू झाली तोवर सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. फेटाही तिकडे, नवराही तिकडे, आणि मी इथे एकटी.

साथीच्या पहिल्या महिन्यांत क्लबाचं एकत्र फिरणं बंदच होतं. उन्हाळ्यात नियम सैल झाले, बाहेर दीड मीटर अंतर ठेवून भेटायला हरकत नाही असं ठरलं. तेव्हा दादांनीच टुमणं लावलं की एक रविवार तरी भेटू या, माणसं विसरायला झालीत. शेवटी ऑगस्टातला एक रविवार ठरला, समुद्राजवळच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये. आठ जण यायचे होते. नियमावली अर्थातच मी केली. प्रत्येकाने स्वतःचा डबा, स्वतःचं पाणी आणायचं. कुणी कुणाच्या डब्यात हात घालायचा नाही. सर्दी-खोकला असेल तर घरी बसायचं. आणि टोमॅटोच्या रोपाला लावलेली बांबूची काठी मी बरोबर दीड मीटर मापून कापली आणि बरोबर घेतली.

नेमका आदल्या दिवशी गणपती बसला होता. आमचा दीड दिवसाचा. एकटी असले तरी मोडायचा नाही म्हणून मी सगळं साग्रसंगीत केलं. पण त्या वर्षी माझं काहीच धड होत नव्हतं. शनिवारी आरतीला कापूर लावला तर त्याला वासच नाही! झुइडओस्टच्या एका भारतीय दुकानातून आणलेला, चांगला महागाचा. मी मनातल्या मनात दुकानदाराचा उद्धार केला. मेणच विकतो मेला कापूर म्हणून. चहाही गरम पाण्यासारखा लागत होता, तेव्हा पुडी जुनी असणार हे उघडच होतं. उदबत्तीचीही तीच कथा. शुक्रवारी भाजी आणताना सायकलवर भिजले होते, त्याने नाक जरा चोंदलेलं, पण ते काय मला दर पावसात होतं. एवढ्यासाठी कुणी टेस्ट करतं का?

रविवारी पहाटे उठून वाटली डाळ केली. विसर्जनाला आमच्याकडे तीच लागते. भिजवलेली हरभऱ्याची डाळ मिरच्या आणि मीठ घालून जाडसर वाटली, फोडणीला टाकली, आणि तेवढ्यात पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. सासूबाईंना पलंगावरून गणपती बघायचा होता. त्यांना दाखवला, नवऱ्याशी बोलले, परत ओट्याशी आले, डाळ परतली, वाफ आणली, लिंबू पिळलं, खोबरं-कोथिंबीर घातली. नैवेद्याचं आपण चाखत नाही, त्यामुळे चाखायचा प्रश्नच नव्हता. विसर्जन खरं तर संध्याकाळी करतात, पण एकटीची ओढाताण गणपतीला कळते. सकाळी आठलाच बाल्कनीत बादलीत विसर्जन केलं, मोठा डबा भरला आणि निघाले.

टेकड्यांच्या पायथ्याशी सगळे जमले तेव्हा मी आधी काठीने अंतरं मोजली. सगळे हसले. हसू देत, म्हटलं. दादा होते, एक पुण्याचं जोडपं होतं, आणखी तिघं. आणि लायडनहून आलेला तो मुलगा. मुलगा म्हणजे तिशीचा, तिथल्या सायन्स पार्कमध्ये कुठल्याशा प्रयोगशाळेत काम करणारा. सहा-सात महिन्यांपूर्वीच क्लबात आलेला, नवखा, पण चालायला पक्का. माझ्या वहीत त्या वर्षी त्याचेच किलोमीटर सर्वांत जास्त होते, आणि तेच मला खुपत होतं. एवढा रिकामा वेळ मिळतो कुठून माणसाला? त्यात तो आल्या आल्या दोनदा खोकला. "गवताची अ‍ॅलर्जी आहे काकू, दर वर्षी होते," म्हणाला. माझ्या मनात पाल चुकचुकली, आणि मी त्याच्यात आणि दादांच्यात काठी आडवी धरून चालले.

दुपारी एका खांबापाशी बसलो. सगळे आपापले डबे घेऊन लांब लांब, एखाद्या परीक्षेला बसल्यासारखे. मग मी माझा डबा काढला. आता तुम्ही म्हणाल, नियम कुणी केला होता? मीच. पण प्रसाद म्हणजे काही जेवण नव्हे, आणि प्रसादाला कुणी नाही म्हणत नाही. काठी वाळूत टाकली, हाताला सॅनिटायझर लावलं आणि एकेकाच्या तळहातावर चमचाभर डाळ घातली. सगळ्यांनी हात कपाळाशी नेऊन खाल्ली. जोडप्यातली बाई म्हणाली, "छान." आणि तो लायडनचा मुलगा म्हणाला, "काकू, मीठ जरा जास्त झालंय का?"

मला असा राग आला म्हणून सांगू! पहाटे उठून केलेलं, तेही देवाचं, आणि हा त्यात खोट काढतो. मी त्याच्यासमोर दोन चमचे खाल्ले. मला कुठे खारट लागली? चांगली बेताची होती. मी म्हटलं, "प्रसादाला नावं ठेवू नयेत, एवढं तरी आईने शिकवलं असेल." तो ओशाळून आपल्या डब्यात बघायला लागला. तेव्हा दादा उठून माझ्याजवळ आले, हात पुढे करून म्हणाले, "मला आणखी घाल गं. फर्मास झालीय." मग तिथेच माझ्या शेजारी उभं राहून सासूबाईंची चौकशी करत सावकाश खाल्ली. माझा जीव शांत झाला. उरलेली डाळ मी घरी आणून फ्रीजरमध्ये टाकली. टाकून द्यायची सवय नाही मला.

गुरुवारी दादांना ताप आला. शनिवारी श्वास लागला आणि त्यांना अ‍ॅम्ब्युलन्समधून नेलं. टेस्ट पॉझिटिव्ह.

मी किती रडले ते माझं मला माहीत. पण रडून झाल्यावर माझ्यातली दावे तपासणारी बाई उठून बसली. दादा पाच महिने घराबाहेर पडले नव्हते. किराणासुद्धा दारात यायचा. म्हणजे हे त्या रविवारीच झालं, आणि आठांपैकीच कुणाकडून तरी. मी कागद घेतला, कोण कुठे बसलं होतं त्याची आकृती काढली. एकेकाला फोन केले. ट्रेनने कोण आलं, बसने कोण, घरी किती माणसं, आधीच्या आठवड्यात कुणाला भेटलात. मी इतक्या बारकाईने विचारलं की जोडप्यातला नवरा वैतागून म्हणाला, "वहिनी, दावा नाकारणार आहात का आमचा?"

सगळं येऊन ठेपायचं त्या मुलावर. तो ट्रेनने आला होता. आठ विद्यार्थ्यांच्या घरात एका खोलीत राहत होता. दोनदा खोकला होता. आणि मुख्य म्हणजे मीठ. तोवर सगळीकडे येऊन गेलं होतं की या आजारात तोंडाची चव जाते. जी डाळ सातजणांना नीट लागली ती या एकट्याला खारट लागते, म्हणजे कुणाचं तोंड बिघडलंय ते उघड होतं! मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं, हे आज सांगायला लाज वाटते.

दादांच्या तापाचं कळल्यावर त्याने शुक्रवारीच टेस्ट केली होती, ती निगेटिव्ह आली, रिपोर्टचा फोटो मला पाठवला. मी म्हटलं, पाच दिवसांनी केलेल्या टेस्टला काय अर्थ आहे? सगळ्यांना मी टेस्ट करायला लावली, सगळ्यांच्या निगेटिव्ह आल्या. माझी? मी केलीच नाही. मला काय धाड भरली होती? सर्दी तर मंगळवारपर्यंत गेलीसुद्धा.

मग मी ग्रुपवर लिहिलं. नाव घेतलं नाही, पण खोकला, ट्रेन आणि मीठ एवढं लिहिल्यावर नाव कशाला लागतं? लिहिलं की काही माणसं दुखणं लपवून येतात आणि म्हाताऱ्यांच्या जिवावर उठतात. दोघांनी नुसते हात जोडलेले पाठवले. दुसऱ्या दिवशी तो मुलगा ग्रुपमधून बाहेर पडला. जाण्याआधी त्याने एवढंच विचारलं, "दादा कसे आहेत?" चोराच्या मनात चांदणं, असं मी त्यावर मनात म्हटलं. वहीतल्या त्याच्या नावावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली.

दादा तीन आठवड्यांनी घरी आले. वाचले, पण फुप्फुसं पहिल्यासारखी राहिली नव्हती. दाराबाहेरच्या पहिल्या दिव्याच्या खांबापर्यंत जाऊन परत यायला त्यांना अर्धा तास लागायचा. ते दोन टप्पे मिळून चाळीस किलोमीटर होते. दसऱ्याचं कौतुक त्या वर्षी स्क्रीनवर झालं. दादांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं, मधे मधे थांबून. उरलेल्या वाटेबद्दल कुणीच काही विचारलं नाही. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि मी त्या मुलाला मनसोक्त शिव्या दिल्या.

फेब्रुवारीत कडाक्याची थंडी पडली, कालवे गोठले, आणि त्याच आठवड्यात नवऱ्याचं विमानाचं तिकीट निघालं. तो पुण्याहून काय काय आणणार म्हणून मी फ्रीजर रिकामा करायला घेतला. तळाशी डबा सापडला, वर माझ्याच अक्षरात: "गणपती, वा. डाळ." म्हटलं, चला, आजच्या जेवणाची सोय झाली. गरम केली आणि पहिला घास घेतला.

अगं आई गं! समुद्राचं पाणी बरं. घास बेसिनमध्ये थुंकला.

आणि खरं सांगते, पहिला संशय मला फ्रीजरचा आला. सहा महिने ठेवल्यावर मीठ वाढत असेल. मग डब्याचा आला. शेवटी ओट्याला टेकून उभी राहिले आणि ती पहाट आठवली. वाटताना मीठ घातलं होतं. मग पुण्याचा फोन. फोननंतर परतताना मी पुन्हा घातलं. हाताला आठवत होतं, डोक्याला आठवत नव्हतं.

पण मी तर खाल्ली होती. त्याच्यासमोर दोन चमचे खाल्ले होते, आणि मला बेताची लागली होती.

देवघराच्या कपाटातून कापराची ती पुडी काढली. तीच, झुइडओस्टची, वास नसलेली. उघडली मात्र, आणि डोळ्यांत पाणी येईल असा वास स्वयंपाकघरभर पसरला. मी तिथेच खाली बसले. कापूर, चहा, उदबत्ती, तो मुलगा, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. एक माणूस तेवढा तपासायचा राहिला होता.

खात्री करायची म्हणून जोडप्यातल्या बाईला फोन केला. ती म्हणाली, "खारट? अहो, तोंडात धरवत नव्हती! पण प्रसाद ना, कोण बोलणार?" विमा कंपनीत हा पुरावा टिकेल की नाही मला माहीत नाही. मला तो पुरला.

मग त्या मुलाला फोन लावला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काकू, मला तेव्हाच शंका आली होती. तुम्ही दोन चमचे खाल्लेत आणि तोंडसुद्धा वाकडं झालं नाही."

"मग बोलला का नाहीस रे?"

"बोललो होतो ना. मीठ जास्त झालंय म्हणून." मग म्हणाला, "त्यानंतर काय बोलणार? दादा हॉस्पिटलात होते, तुम्ही घरी एकट्या. आणि माझ्याकडे पुरावा नव्हता."

मी माफी मागितली. कशी मागितली ते आठवत नाही, रडतच होते. तो म्हणाला, "मी चालतोय अजून. फोटो काढून ठेवलेत, खांबांसकट. वहीत घ्याल का?" पाच मिनिटांनी त्याचे फोटो यायला लागले. एकापाठोपाठ एक, सत्तावन्न. पावसातले, बर्फातले, प्रत्येकात खांब आणि शेजारी तो एकटा. त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर सगळं लिहून काढलं, पण पाठवलं नाही. आधी दादांना तोंडाने सांगायला हवं होतं.

नवरा आला त्याच्या दहाव्या दिवशी, त्याचं विलगीकरण संपल्यावर, मी दादांकडे गेले. पिशवीत फेटा होता. का नेला होता कोण जाणे. दादा कोट घालून दारातच उभे होते. आता ते तिसऱ्या दिव्याच्या खांबापर्यंत जायचे, तिथे पाण्याकाठी बाक होता. दोघं हळूहळू तिथवर गेलो. ते एका टोकाला बसले, मी दुसऱ्या टोकाला उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. सर्दी, कापूर, डाळ, त्या मुलावर घेतलेला आळ, सगळं. "दादा, तुमची वाट माझ्यामुळे राहिली," म्हटलं.

दादा पाण्याकडे बघत होते. श्वास जमवून म्हणाले, "खारट होती खरी."

"तुम्हाला कळलं होतं?"

"न कळायला काय झालं? जीभ पोळली माझी."

"मग परत का घेतलीत दादा? जवळ येऊन, मागून घेतलीत!"

"तो पोरगा बोलला आणि तुझा चेहरा एवढासा झाला गं," दादा म्हणाले. "नवरा तिकडे, तू इकडे एकटी. पहाटे उठून केलेलं. म्हटलं, बाईला वाईट वाटायला नको."

मला हुंदका आवरेना. दादा बाकाचा आधार घेत उठले, आणि नेहमीच्या सवयीने माझ्या पाठीवर हात ठेवायला पुढे आले. मी मागे सरकले. चांगली दीड मीटर.